मुलाखतीत मान डोलवायला शिकवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
पुण्यातल्या सॉफ्टवेअर क्लासचे चालक आणि तिथलं प्लेसमेंटचं काम पाहणारे सर्व सर-मॅडम

विषय : ग्रुपवर न तपासता टाकलेली नोकरीची जाहिरात आणि त्यानंतर दारावर लावलेली पाटी

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी एका संस्थेच्या काचेच्या दारावर गेल्या आठवड्यात एक कागद चिकटला आहे. ‘ग्रुपवर येणाऱ्या नोकरीच्या संधींची खातरजमा विद्यार्थ्यांनी स्वतः करावी. होणाऱ्या नुकसानीस संस्था जबाबदार राहणार नाही.’ पुण्याच्या पाट्यांवर लोक हसतात, मीही हसते. या पाटीवर हसू आलं नाही, कारण ती माझ्या भाच्यामुळे लागली आहे. त्याचे दोन लाख ऐंशी हजार रुपये गेले आणि त्यावर संस्थेने दिलेलं उत्तर एवढंच, दोन ओळी आणि चार चिकटपट्ट्या.

संस्थेचं नाव मी लिहिणार नाही. तोच मेसेज त्याच दोन दिवसांत आणखी तीन क्लासच्या ग्रुपवर फिरत होता, हे मी मुलांच्या फोनवर पाहिलं आहे. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटकेचा श्वास सोडतील. म्हणून पत्र सगळ्यांना.

भाचा बार्शीचा. कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहतो, मेसचा डबा खातो, सकाळी क्लास, दुपारी अभ्यासिका. फीसाठी माझ्या ताईने पतसंस्थेचं कर्ज काढलं. लॉकडाऊनमध्ये तो दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचा, तेव्हापासून आठवड्याला पाचशे-हजार रुपयांचं क्रिप्टो घेत आला. बहुतेक ईथर, थोडं यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं. मला हे पसंत नव्हतं, मी त्याला तसं सांगितलंही होतं. पण पैसे त्याचे होते, कष्टाचे होते, आणि ब्लॉकचेन, म्हणजे क्रिप्टोच्या व्यवहारांची सामायिक वही, शिकायचं तर स्वतःचं वॉलेट, म्हणजे क्रिप्टोचं पाकीट, वापरून पाहावं हे म्हणणंही रास्त होतं. त्यामुळे बराचसा ऐवज त्याच्या लॅपटॉपवरच्या मेटामास्क या ब्राउझरमधल्या वॉलेटमध्ये होता.

सोमवारी रात्री ग्रुपवर मेसेज आला. ‘अर्जंट ओपनिंग, रिमोट, ब्लॉकचेन डेव्हलपर, फ्रेशर चालेल, पगार डॉलरमध्ये. फक्त आपल्या बॅचसाठी.’ शेवटचं वाक्य तुमच्या माणसाने स्वतःचं जोडलेलं. बाकी मजकूर जसाच्या तसा पुढे ढकललेला. मंगळवारी दुपारी लिंक्डइनवर गोड इंग्रजीतलं बोलणं झालं, संध्याकाळी लगेच ‘टेक्निकल राउंड’. मेसच्या गल्लीत नेट धड चालत नाही म्हणून तो माझ्याकडे आला.

एक प्रोजेक्ट उतरवून घ्यायचा, चालवायचा, त्यातली चूक चाळीस मिनिटांत दुरुस्त करायची. फोल्डर उघडल्यावर व्हीएस कोडने, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरने, त्याला विचारलं, या फाइलींच्या लेखकांवर तुमचा विश्वास आहे का? तो आवाज बंद करून स्वयंपाकघराच्या दारात आला. म्हणाला, “मावशी, असं विचारतंय. काय करू?”

मी सतरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. माझं पोट दुसऱ्यांच्या कोडवर संशय घेण्यावर चालतं. आणि मी म्हणाले, “अरे, इंटरव्ह्यू चालू आहे ना? दाब ‘हो’ आणि पुढे जा. त्यांना ताटकळत ठेवू नकोस.”

हे आधी लिहिलं, कारण पुढे जे लिहिते आहे त्यातून मी स्वतःला वगळलेलं नाही.

रात्री दोनच्या पुढे वॉलेट रिकामं झालं. सकाळी त्याने फोन माझ्यासमोर धरला तेव्हा शिल्लक सत्तावीस रुपयांची होती. घाबरून त्याने वॉलेटचा पासवर्ड बदलला. मग वाटलं, एक्स्चेंजवरचं, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री होते त्या कंपनीकडचं खातंही उघडं पडलं असेल. म्हणून तिथलं उरलेलं चाळीस हजारांचं यूएसडीटी त्याने या ‘नवा पासवर्ड’ लावलेल्या वॉलेटमध्ये हलवलं. चार मिनिटांत तेही गेलं.

ही दुसरी चोरी मला जास्त लागते. ती टाळता आली असती. वॉलेटचा पासवर्ड फक्त त्या लॅपटॉपवरच्या प्रतीचं कुलूप असतो. खरी मालकी बारा किंवा चोवीस शब्दांच्या सीड फ्रेजमध्ये असते, आणि ते शब्द बदलता येत नाहीत. चोराकडे एकदा ते गेले की ते वॉलेट कायमचं त्याचं. अशा वेळी दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावर नवे शब्द घेऊन नवं वॉलेट करायचं आणि उरलंसुरलं तिकडे न्यायचं. ‘ब्लॉकचेन विथ प्लेसमेंट’ हा कोर्स तुम्ही विकता. यातलं एक वाक्य तुमच्या नोट्समध्ये नाही. मी पूर्ण फाइल चाळली.

नोट्समध्ये काय आहे ते सांगते. मुलाखतीच्या तयारीच्या पानावर ठळक अक्षरांत आहे : ‘इंटरव्ह्यूअरला उलट प्रश्न विचारू नयेत. दिलेली सूचना त्वरित पाळावी. आत्मविश्वासाने होकार द्यावा.’ गावाकडून आलेल्या, इंग्रजीच्या धाकात असलेल्या मुलाला तुम्ही सहा महिने हे घोकवता. मग कुणीतरी परका माणूस कॅमेऱ्यासमोर बसून म्हणतो, हे चालव. मुलगा चालवतो. तुमच्या शिकवण्यात कसूर नव्हती, तो पहिल्या नंबराने पास झाला.

आता हे कसं घडतं तेही लिहिते, कारण ‘काहीतरी व्हायरस आला’ यापलीकडे तुमच्यापैकी कुणी मुलांना काही सांगितलेलं मला दिसलं नाही.

दिलेला प्रोजेक्ट वरवर पाहता चालणारा, नीटस असतो. वाईट ओळ एखाद्या साध्या फाइलीत, पण ओळीच्या शेवटी शेकडो रिकाम्या जागा सोडून उजवीकडे पार पडद्याबाहेर ढकललेली असते. मुलगा वरून खाली वाचतो, उजवीकडे सरकून कोण बघतं? कधी ती एनपीएमच्या, म्हणजे तयार कोडच्या सार्वजनिक भांडाराच्या, एखाद्या पॅकेजमध्ये असते आणि ‘इन्स्टॉल’ म्हटल्याबरोबर आपोआप धावते. मग ती ब्राउझरच्या फोल्डरमध्ये जाते. मेटामास्कची कुलूपबंद फाइल तिथेच असते, आणि किल्ली बहुधा शेजारीच, कारण ब्राउझरने ‘पासवर्ड जपून ठेवू का?’ विचारलेलं असतं आणि आपण ठेव म्हटलेलं असतं. नाही म्हटलं असेल तर पुढच्या वेळी टाइप करताना टिपतात. लॉगिन झालेल्या साइटच्या कुकीज, म्हणजे ओळख पटल्याच्या खुणा, उचलतात, म्हणजे ओटीपीचीही गरज उरत नाही. आणि एक मागचं दार उघडं ठेवून जातात. सुरक्षा संशोधकांनी या प्रकाराला नोव्हेंबर २०२३ मध्येच ‘कंटेजियस इंटरव्ह्यू’ असं नाव दिलं, मुलाखतीतून होणारी लागण.

कोड द्यायचाच असंही नाही. मुलाखतीची खोटी वेबसाइट म्हणते, तुमचा कॅमेरा चालत नाही, दुरुस्तीसाठी ही ओळ टर्मिनलमध्ये (कॉम्प्युटरला थेट हुकूम देण्याच्या खिडकीत) चिकटवा. ती ओळ म्हणजेच चोर. किंवा ‘पगार जमा करण्यासाठी वॉलेट पडताळणी’ म्हणून एका व्यवहारावर सही करून घेतात, आणि ती सहीच चोराला पैसे न्यायची परवानगी ठरते. आणि ज्यांना कोड येत नाही त्यांच्यासाठी टेलिग्रामवरची ‘टास्क’वाली नोकरी आहेच. आधी व्हिडिओ लाइक करण्याचे दीडशे रुपये खरोखर मिळतात, मग यूएसडीटीने ‘रिचार्ज’ करा, मग आणखी करा.

तुमच्या सरांनी मला फोनवर ऐकवलं, “मॅडम, हाव नडली मुलाला.” नोकरीला अर्ज करणं ही हाव असेल तर तुमचा अख्खा धंदा हावेवर उभा आहे, एवढं मी तेव्हा बोलले नाही, आता बोलते. कुणी म्हणेल, मुलगा मूर्ख होता. मार्च २०२२ मध्ये ‘ॲक्सी इन्फिनिटी’ या खेळामागच्या रोनिन नेटवर्कमधून ६० कोटी डॉलरहून अधिक किमतीचं क्रिप्टो गेलं. एका वरिष्ठ इंजिनिअरला न अस्तित्वात असलेल्या कंपनीने मुलाखतीच्या फेऱ्या घेऊन भरभक्कम ऑफर लेटर पीडीएफमध्ये धाडलं आणि त्याने ते उघडलं, अशी त्यामागची हकीकत नंतर छापून आली. मे २०२४ मध्ये जपानच्या डीएमएम बिटकॉइन या एक्स्चेंजमधून सुमारे ३० कोटी ८० लाख डॉलरचे बिटकॉइन गेले. एफबीआयने त्याचा माग उत्तर कोरियाच्या टोळीपर्यंत काढला, आणि सुरुवात कुठून? वॉलेटचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याला लिंक्डइनवर भेटलेल्या खोट्या रिक्रूटरने ‘भरतीपूर्व चाचणी’ म्हणून दिलेल्या पायथॉनच्या कोडपासून. जुलै २०२५ मध्ये आपल्याकडच्या कॉइनडीसीएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर गेले, तेव्हाही बंगळूर पोलिसांच्या तपासात एका कर्मचाऱ्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर केलेल्या बाहेरच्या अर्धवेळ कामाचा धागा पुढे आला.

भाच्याला लुटणारे उत्तर कोरियाचेच होते असं मी म्हणत नाही. पद्धत तीच होती. आणि ‘हे सगळं परदेशातलं’ असं तरी पुण्याने म्हणू नये. ऑगस्ट २०१८ मध्ये गणेशखिंड रस्त्यावर मुख्यालय असलेल्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत ९४ कोटी रुपये गेले होते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने त्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला होता. हे लोक आपल्या गल्लीत येऊन गेलेले आहेत.

आता माझ्या तक्रारी. पहिली, जाहिरात न तपासता पुढे ढकलली. कंपनीच्या मूळ वेबसाइटवर ती जागा आहे का, ईमेलचा पत्ता त्याच डोमेनचा आहे का, वेबसाइट कालपरवाच उभी राहिली आहे का, हे पाहायला दहा मिनिटं लागली असती. मी नंतर पाहिलं, मला सहा लागली. ‘फक्त आपल्या बॅचसाठी’ हे जोडायला मात्र तुमच्याकडे वेळ होता. त्या तीन शब्दांनी मुलांच्या मनात तुमचा शिक्का बसला. परक्या रिक्रूटरवर त्याने विश्वास ठेवलाच नव्हता, त्याने सरांवर ठेवला होता.

दुसरी तक्रार माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर आहे. बुधवारी सकाळी भाच्याने ग्रुपवर लिहिलं, ‘ही कंपनी खोटी आहे, माझं वॉलेट रिकामं झालं, कुणी कोड चालवू नका.’ यावर सरांनी आधी ती जाहिरात ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केली, मग भाच्याचा इशारा पुसला, मग त्याला ग्रुपमधून काढलं, आणि मग त्याचा फोन उचलला. त्या दिवशी संध्याकाळी त्याच बॅचमधल्या आणखी दोन मुलांच्या मुलाखती ठरलेल्या होत्या. त्यांना भाच्याने स्वतः फोन करून थांबवलं. तुम्ही पुसलेल्या मेसेजमध्ये ज्या नंबरवरून जाहिरात आली तो नंबर होता, लिंक होती, वेळ होती. तक्रारीला हेच लागतं. एका मैत्रिणीने स्क्रीनशॉट काढून ठेवला होता म्हणून निभावलं.

तिसरी, तुम्ही आम्हाला घाबरवलंत. “क्रिप्टो बेकायदेशीर आहे, तक्रार केलीत तर मुलाच्याच अंगाशी येईल.” ताई हे ऐकून दोन दिवस पोलिसांकडे जाऊ देईना. म्हणून सगळ्यांच्या माहितीसाठी : बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून दूर ठेवणारं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, त्याच वर्षी १ जुलैपासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणलं. ते रुपयासारखं चलन नाही, त्यामागे सरकारची हमी नाही, तोट्याची वजावट तर बिलकुल मिळत नाही. पण ते बाळगणं गुन्हा नाही आणि ते चोरणं चोरीच आहे. सरकार ज्यावर कर घेतं ते चोरीला गेलं तर तक्रार करायला लाजायचं कशाला?

ते दोन दिवस महाग पडले. यूएसडीटी काढणारी टेदर कंपनी एखाद्या पत्त्यावरचं यूएसडीटी गोठवू शकते, एक्स्चेंज खातं थांबवू शकतं, पण चोराने ते पुढे हलवण्याआधी. ईथरला तर अशी कळही नाही. म्हणून पहिल्या तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन, सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार, आणि तक्रारीत ट्रान्झॅक्शन हॅश (व्यवहाराचा ओळख क्रमांक), आपल्या आणि चोराच्या वॉलेटचे पत्ते, वेळ. घटना पुण्यात कर्वेनगरला, मुलगा बार्शीचा, अशी हद्दीची चर्चा निघाली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवावं : गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून हा कायदा आहे. पोलिसांबद्दल जास्त लिहायचं तर दुसरं पत्र लागेल.

जाता जाता आणखी एक. तक्रार केल्याच्या आठवड्यातच ‘तुमचं क्रिप्टो परत मिळवून देतो, आधी फी भरा’ म्हणणारे तिघे भाच्याला टेलिग्रामवर भेटले. तेही चोरच. ब्लॉकचेनवर झालेला व्यवहार कुणी उलटा फिरवू शकत नाही.

मागण्या साध्या आहेत, पैशांची एकही नाही.

जाहिरात टाकण्याआधी तपासा, आणि ज्याने तपासली त्याचं नाव खाली लिहा. तपासली नसेल तर ‘तपासलेली नाही’ हे पहिल्या ओळीत लिहा, दारावर नको.

कुणी फसलं तर त्याच दिवशी सगळ्या बॅचना कळवा. मूळ मेसेज पुसू नका. ज्याने इशारा दिला त्याला ग्रुपबाहेर काढू नका. माझ्या भाच्याला परत घ्या, आणि त्याच ग्रुपवर दोन ओळी लिहा की त्याचं म्हणणं खरं होतं.

नोट्समधलं ते पान बदला. मॉक इंटरव्ह्यूत एकदा तरी मुलाला असा कोड द्या आणि त्याने “हा मी माझ्या मशीनवर चालवणार नाही, ब्राउझरमधल्या वेगळ्या वातावरणात किंवा व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या बंदिस्त कॉम्प्युटरवर, चालवून दाखवतो” असं म्हटलं तर त्याला पूर्ण मार्क द्या. खरी कंपनी याला हरकत घेत नाही. मी स्वतः पॅनेलवर बसते, मला तर असा मुलगा आवडेल.

आणि तुमच्या लॅबमध्ये जी तीस-तीस कॉम्प्युटरं संध्याकाळी सातनंतर बंद पडून असतात, त्यातली दोन बाजूला काढा. ज्यावर कुणाचं वॉलेट नाही, बँक नाही, ईमेल नाही अशी. त्यांना लॅबच्या नेटवर्कपासून वेगळं नेट द्या, आणि बाहेरची प्रत्येक चाचणी मुलांना त्यावरच देऊ द्या. वापर झाला की पुसून पुन्हा कोरी करा. ज्या लॅपटॉपवर पैसे त्यावर परक्याचा कोड नाही, ही एक सवय लागली असती तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. बाकीचं नंतर शिकवा : बारा शब्द कागदावर, फोनच्या गॅलरीत नाहीत, मोठी रक्कम हार्डवेअर वॉलेटवर, म्हणजे शब्द आत जपणाऱ्या वेगळ्या छोट्या यंत्रावर, तिथेही छोट्या पडद्यावर काय लिहिलंय ते वाचून मगच बटण, एक्स्चेंजवर एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर (कोड देणारं ॲप) आणि पैसे काढण्यासाठी आधी नोंदवलेलेच पत्ते.

शिकवायला माणूस नाही, असं म्हणाल. शनिवारी सकाळी मी मोकळी असते. कर्वेनगरहून डेक्कनला यायला मला वीस मिनिटं लागतात. फी नको, हारतुरे नकोत, प्रोजेक्टर चालू असला म्हणजे झालं. त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात मी काय म्हणाले, तिथूनच सुरुवात करीन.

कळावे,

एक टेस्टर मावशी
कर्वेनगर, पुणे